नात्याचा रकाना

जपानमध्ये १९६६ साली पाळणे एकाएकी कमी हलले. आदल्या वर्षी १८ लाखांहून जास्त मुले जन्मली होती, त्या वर्षी जेमतेम १३ लाख ६० हजार. युद्ध नव्हते, साथ नव्हती, दुष्काळ नव्हता. उलट टोकियोचे ऑलिंपिक नुकतेच पार पडले होते, शिनकान्सेन धावू लागली होती, कारखान्यांना माणसे पुरत नव्हती म्हणून खेड्यापाड्यांतली पंधरा-सोळा वर्षांची मुले आगगाड्या भरभरून शहरात येत होती. कारण एवढेच की ते साल पंचांगाप्रमाणे 'हिनोए-उमा'चे, अग्नी आणि अश्व यांच्या योगाचे होते. साठ वर्षांनी एकदा येणारे. त्या साली जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या मुळावर येते, असा जुना समज. आपल्याकडे मंगळाच्या मुलींनी जे सोसले तेच. मुलगी झाली तर तिचे लग्न कसे जमायचे, या धास्तीने लक्षावधी जोडप्यांनी मूल लांबवले. १९६७ मध्ये आकडा पुन्हा १९ लाखांच्या वर गेला.

लोकसंख्येच्या आलेखात ती खाच अजून तशीच दिसते. टोकियोत आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई त्या सालच्या आहेत. शाळेत त्यांच्या वर्षाच्या तुकड्या कमी होत्या, एवढेच त्या सांगतात. लग्न जुळताना काय काय ऐकावे लागले, ते सांगत नाहीत. साठ वर्षे सरून २०२६ मध्ये ते साल पुन्हा आले.

पुरुषाने पुरुषाशी, बाईने बाईशी लग्न करायला कायद्याने मुभा दिली तर देशाची लोकसंख्या घटेल, असे कुणी म्हणाले की मला ही खाच आठवते. लोक मूल केव्हा होऊ देतात आणि का होऊ देत नाहीत, याची कारणे त्यांच्या घरात असतात, पगारात असतात, भीतीत आणि उमेदीत असतात. शेजारच्या दाराआड कोण दोघे राहतात आणि त्यांच्या नात्याला सरकारी शिक्का आहे की नाही, हे पाहून कुणी पाळणा हलवल्याचे किंवा थांबवल्याचे मी तरी पाहिलेले नाही. १९६६ ने दाखवले ते हेच की भीती घातली तर जन्म घटतात. आणि ती भीती मुलीच्या लग्नाची होती.

मी निशी-कासाईत राहते. टोकियोच्या पूर्वेला, अराकावा नदी ओलांडली की एदोगावा प्रभाग लागतो, त्यात. २००० सालच्या तोंडाला संगणकांतल्या तारखांचा घोळ निस्तरायला भारतीय अभियंते इकडे आले. तोझाई मार्गाची लोकल इथून थेट बँकांच्या भागात जाते आणि सरकारी वसाहतींत जामीनदारावाचून घर मिळते, म्हणून ते इथेच वसले. आता स्टेशनाबाहेर संध्याकाळी मराठी कानावर पडते. महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये इथल्या प्रभाग सभेवर निवडून आले. कोपऱ्यावरच्या दुकानात रात्री नेपाळी मुले गल्ल्यावर असतात, समोरच्या वृद्धाश्रमात इंडोनेशियाच्या आणि म्यानमारच्या मुली आजी-आजोबांना भरवतात. २०२४ च्या ऑक्टोबरात या देशात कामाला असलेले परदेशी २३ लाख होते. त्याच वर्षी जपानी बाळे जन्मली ६ लाख ८६ हजार आणि माणसे मेली १६ लाखांवर. म्हणजे वर्षाला एक मोठे शहर पुसले जाते. दर बाईमागे जन्मांचे प्रमाण १.१५. हे आकडे इथे हवामानासारखे रोजच्या बोलण्यात असतात.

मी आले ती नवऱ्याच्या पाठोपाठ, 'काझोकु ताइझाइ' या परवान्यावर, म्हणजे नोकरदाराची कुटुंबीय म्हणून. त्यासाठी लागला पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातला विवाह नोंदणीचा दाखला. तो काढताना लग्नपत्रिका जोडली होती, हार घातलेला फोटो जोडला होता, भटजींची सही होती, साक्षीदार होते. त्या एका कागदावर मला इथे राहायला मिळाले, नवऱ्याच्या आरोग्य विम्यात नाव लागले, आठवड्याला २८ तास काम करायची मुभा मिळाली. मी आधी डबे भरायच्या कारखान्यात उभी राहिले, मग भाषा येत गेली तशी कचेरीत बसले आणि यथावकाश स्वतःच्या नावाच्या परवान्यावर पूर्णवेळ नोकरीला लागले. आज मी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे आणि भारतातून येणाऱ्या मुलामुलींची कागदपत्रे बघते. या देशाला मिळालेली एक कामगार म्हणजे मी. लग्नाच्या दाखल्यातून आलेली.

आम्हाला मूल नाही. यावर मी फारसे लिहिणार नाही. पण २०१८ च्या उन्हाळ्यात सुगिता मिओ या खासदारबाईंनी 'शिंचो ४५' या मासिकात लेख लिहिला, तेव्हा तो माझ्याही अंगावर आला. समलिंगी जोडपी मुले जन्माला घालत नाहीत, म्हणजे त्यांच्यात 'उत्पादकता' नाही, मग कराचा पैसा त्यांच्यासाठी खर्च करणे योग्य आहे का, असा त्यांचा सवाल होता. सत्ताधारी पक्षाच्या मुख्यालयासमोर हजारो लोक जमले. त्यात समलिंगी होते तसेच आजारी माणसांचे नातलग होते, अपंग होते, मूल न झालेल्या बायका होत्या. गर्दीत मी कडेला उभी होते. एकदा माणसाला त्याच्या पिकावरून जोखायचे ठरले की त्या तराजूत कोण कोण येऊन बसते, ते त्या संध्याकाळी डोळ्यांनी दिसत होते. दोनेक महिन्यांत ते मासिक बंद पडले. बाई मात्र पुढे उपमंत्रिपदापर्यंत गेल्या आणि मग त्यांना ते सोडावे लागले. २०२० मध्ये टोकियोच्याच अदाची प्रभागातल्या एका ज्येष्ठ सदस्याने सभागृहात म्हटले की अशा लोकांना कायद्याने संरक्षण दिले तर अदाची उरणारच नाही. गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली, आणि पुढच्याच एप्रिलपासून अदाचीने समलिंगी जोडप्यांची आणि त्यांच्या मुलांची नोंद घ्यायला सुरुवात केली. अदाची आहे तिथेच आहे.

असे दाखले आता पाचशेच्या वर गावे आणि शहरे देतात. शिबुयाने पहिला दिला, नोव्हेंबर २०१५ मध्ये. तो दाखवला की इस्पितळात आत सोडतात, पालिकेच्या घरासाठी अर्ज करता येतो. पण देशाच्या कायद्यापुढे तो मुका. वारसा नाही, जोडीदाराची करसवलत नाही, नोकरदाराच्या जोडीदाराला पेन्शनमध्ये जो आधार मिळतो तो नाही, आणि परदेशी माणसाच्या बाबतीत राहण्याचा परवाना नाही.

या शेवटच्या 'नाही'शी माझी गाठ पडली ती सांगलीच्या एका मुलामुळे. मुलगा म्हणायचा तो माझ्यापेक्षा लहान म्हणून, नाहीतर कामाला चांगला मुरलेला. मुलाखतीत त्याने आमच्या दोन वरिष्ठांना त्यांच्याच प्रणालीतली चूक दाखवून दिली होती. रुजू होण्याआधी भरायच्या अर्जात कुटुंबाची माहिती असते: नाव, जन्मतारीख, आणि 'त्सुझुकिगारा', म्हणजे नाते. पडद्यावर आम्ही दोघे तो अर्ज ओळीने भरत होतो. नाव त्याने लिहिले, जन्मतारीख लिहिली, आणि तिसऱ्या रकान्याशी कर्सर लुकलुकत राहिला.

"ताई, इथं काय लिहू?"

जोडीदार पुण्याच्या एका इस्पितळात नर्स. वॉर्डात सगळे त्याला ब्रदर म्हणत. दोघे कोथरूडला एका घरात राहत होते. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर दोघांची नावे, गॅसचे बिल एकाचे, विजेचे दुसऱ्याचे, बँकेत दोघांचे मिळून खाते, विम्यात एकमेकांचे वारसदार म्हणून नाव. संसार म्हणून जे जे कागदावर उतरवता येते ते त्यांनी उतरवले होते. एकच कागद नव्हता, जो माझ्याजवळ होता.

मी नियम धुंडाळले. जपानने २०१३ च्या ऑक्टोबरात एक सूचना काढली आहे: दोघेही परदेशी असतील आणि त्यांच्या त्यांच्या देशांत त्यांचे लग्न कायदेशीर असेल, तर समलिंगी जोडीदारालाही वेगळ्या प्रकारचा परवाना देता येतो. म्हणजे डच माणूस डच नवऱ्याला घेऊन येऊ शकतो. सांगलीचा माणूस पुण्याच्या माणसाला आणू शकत नाही, कारण अट पुरी करायला आपला देश कमी पडतो. दोघांतला एक जपानी असेल तर ही वाट त्यालाही बंद, कारण त्याच्या देशात असे लग्नच नाही. इमिग्रेशन कचेरीतल्या खिडकीवरच्या माणसाने मला हे सगळे शांतपणे, पुन्हा पुन्हा वाकून समजावले. त्याच्या डोक्यावरच्या फलकावर परदेशी कामगारांचे स्वागत पाच भाषांत लिहिले होते.

मग ब्रदरने स्वतःच्या हिमतीवर यावे, असा विचार झाला. वृद्धांची शुश्रूषा करायला या देशाला माणसे हवीतच. २०४० सालापर्यंत २७ लाखांवर माणसे या कामात लागतील, २०२२ मध्ये होती त्यापेक्षा ५ लाख ७० हजार जास्त, हा सरकारचाच अंदाज. पण भारतातले नर्सिंगचे शिक्षण इथे थेट चालत नाही. शुश्रूषा-सेवक म्हणून यायचे तर ज्या संस्थेत जागा मिळेल तिथे जायचे. ती आकिताला असू शकते नाहीतर शिकोकूला. एकत्र राहण्यासाठी परदेशी यायचे आणि तिथे येऊन पुन्हा आठशे किलोमीटर लांब राहायचे. तरी त्याने भाषेचा वर्ग लावला. रात्रपाळी करून वर्गाला बसायचा.

ती रात्रपाळी पुण्यात सकाळी आठला सुटायची, तेव्हा आमच्याकडे साडेअकरा वाजलेले असत. सांगलीचा मुलगा जेवणाची सुट्टी तेव्हाच घ्यायचा, सगळ्यांच्या आधी, आणि जिन्याखालच्या खिडकीपाशी फोन घेऊन बसायचा. एकदा ब्रदरला डेंगी झाला. मुलाने माझ्याकडे येऊन विचारले, घरच्यांच्या आजारपणाची रजा मला मिळेल का? आमच्या कंपनीने त्याआधीच नियमांतल्या 'जोडीदार' या व्याख्येत समलिंगी जोडीदार घेतला होता. पॅनासोनिकने २०१६ मध्ये घेतला, मग बऱ्याच कंपन्यांनी. रजा मिळाली. तिकिटाचे काही पैसेही मिळाले. कंपनीच्या हातात जे होते ते तिने केले. पण जोडीदाराला इथे आणून त्याच्यासोबत राहू देणे कोणत्याच कंपनीच्या हातात नसते.

त्याच्या आई अधूनमधून मला फोन करायच्या. "ताई, तुम्ही हायसा तिथं, एखादी पोरगी बघा की त्याला." मी विषय बदलायची. काय सांगायचे ते त्यानेच सांगायला हवे होते, आणि पुढे त्याने सांगितलेही.

तो जपान सोडून गेला. टोरांटोच्या एका कंपनीने त्याला घेतले आणि कॅनडाने कोथरूडचा तो भाडेकरार, ते खाते, विम्याचे ते कागद हातात घेऊन वाचले. लग्नाचा दाखला नसला तरी वर्षभर एकत्र संसार केलेले दोघे तिथल्या कायद्याला जोडीदार म्हणून चालतात, मग ते स्त्रीपुरुष असोत की दोघे पुरुष. तिथे पोहोचल्यावर दोघांनी लग्न केले. ब्रदर आता नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा देतो आहे आणि तोवर एका वृद्धाश्रमात काम करतो. आमच्या वृद्धाश्रमांना हवा असलेला माणूस त्यांना मिळाला. त्याच्याबरोबर आमचा अभियंताही. सांगलीचा फोन अजून येतो. थंडी किती असते, दोघे वेळेवर जेवतात का, तिथे ज्वारीचे पीठ मिळते का, असे प्रश्न असतात.

इथे आकड्यांकडे पुन्हा वळायला हवे, कारण त्यांच्याच नावाने दार बंद ठेवले जाते. तैवानने २४ मे २०१९ पासून समलिंगी लग्ने नोंदवायला सुरुवात केली; पहिल्या दिवशी ५२६ जोडपी आली. आशियातला तो पहिला देश. तिथे जन्माचे प्रमाण एकाच्याही खाली आहे. ते आधीपासून घसरत होते, नंतरही घसरत राहिले. शेजारच्या दक्षिण कोरियात असा कायदा नाही आणि तिथे २०२३ चा आकडा ०.७२, जगात सर्वांत खालचा. जपानमध्ये कायदा नाही, २०२४ चा आकडा १.१५. कॅनडात कायदा २००५ पासून आहे आणि २०२३ चा आकडा १.२६; तोही त्यांचा तोवरचा नीचांक. हे चार देश शेजारी मांडून कुणी मला दाखवावे की लग्नाच्या कायद्याने पाळणे थांबतात किंवा हलतात. दोन्हीकडून दाखवता येणार नाही. मला मान्य आहे की कायदा झाला म्हणून बाळांचा पूर येणार नाही, आणि आमच्या बाजूच्या काहींनी तसे आश्वासन दिले तर मी त्यांनाही थांबवेन. फरक दिसतो तो दुसरीकडे: जन्म इतके कमी असूनही कॅनडाची लोकसंख्या २०२३ च्या जूनमध्ये ४ कोटींवर गेली, आणि जपानची २००८ च्या १२ कोटी ८० लाखांवरून २०२४ मध्ये १२ कोटी ३८ लाखांवर आली. कोण येतो, कोण राहतो आणि कोण निघून जातो, यावर देश भरतो किंवा ओसरतो. कॅनडाच्या त्या वाढीला पुष्कळ कारणे आहेत. पण आलेल्या माणसाला त्याच्या माणसासकट राहू देणे, हे त्यातले एक.

जपानमध्ये तर लग्न आणि मूल यांची गाठ फार घट्ट. लग्नाबाहेर जन्मणारी मुले शंभरात दोनएक. त्यामुळे लग्ने कमी झाली की जन्म कमी होतात: १९७२ मध्ये ११ लाखांच्या घरात लग्ने झाली, २०२३ मध्ये पाच लाखसुद्धा नाहीत. लग्न का होत नाही याची उत्तरे तरुण मुले मला रोज देतात. कंत्राटी नोकरी, रात्री दहापर्यंत कचेरी, बाळंतपणानंतर बाईची मागे पडलेली बढती, घरकामात न दिसणारा नवरा. सरकार जोडपी जुळवायला पैसे खर्च करते, पालिका मेळावे भरवतात. आणि त्याच देशात लग्न करू द्या म्हणून जोडपी न्यायालयात खेटे घालतात. त्यांतल्या दोघी मिळून तीन मुले वाढवत होत्या. इतक्या असोशीने लग्न मागणारी माणसे या देशात दुसरीकडे कुठे आहेत मला माहीत नाही.

लग्नाचा हक्क मिळेतोवर अशा जोडप्यांनी एक आडवाट वापरली. जपानमध्ये प्रौढ माणसाला दत्तक घेता येते. जुन्या व्यापारी घराण्यांत पेढी चालवायला मुलगा नसेल तर हुशार कारकुनाला दत्तक घेत, मुलगी देऊन घरात आणत. आजही होणारी बहुतेक दत्तके प्रौढांची असतात. दुकान चालावे, नाव चालावे, हाताखाली भरवशाचा माणूस असावा, यासाठी कायद्याने रक्ताची अट केव्हाच सोडून दिली होती. आपल्या संस्थानांच्या दत्तकविधानांचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. तर समलिंगी जोडप्यांत जो एक दिवसानेही मोठा, तो धाकट्याला दत्तक घेतो. 'कोसेकी'त, म्हणजे घराण्याच्या नोंदवहीत, ते बाप आणि मुलगा होतात. चाळीस वर्षांच्या सोबतीनंतर कागदोपत्री आई-मुलगी झालेल्या दोन बायकांना मी भेटले आहे. थोरली सत्तरीतली. म्हणाली, मी मेल्यावर हिला घरातून कुणी काढू नये, एवढ्यासाठी. मग दोघींनी मला चहा दिला, आणि कप विसळायला आत जाताना धाकटीने तिच्या गुडघ्यावर पांघरूण नीट केले. नोंदवही काही म्हणो.

१७ मार्च २०२१ रोजी साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने प्रथमच म्हटले की समलिंगी जोडप्यांना लग्नाच्या लाभांपासून पूर्ण दूर ठेवणे राज्यघटनेतल्या समानतेच्या विरुद्ध आहे. त्या निकालातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. न्यायाधीशांनी दाखवून दिले की जपानचा लग्नाचा कायदा मूल असलेल्या आणि नसलेल्या, मूल हवे असणाऱ्या आणि नको असणाऱ्या जोडप्यांत भेद करत नाही. दोन माणसांचे एकत्र आयुष्य सांभाळणे हाही त्याचा हेतू आहे. मी तो परिच्छेद जेवणाच्या टेबलावर नवऱ्याला वाचून दाखवला. आम्ही दोघे थोडा वेळ काही बोललो नाही. पुढच्याच वर्षी ओसाकाच्या न्यायालयाने उलट सांगितले, की लग्न म्हणजे स्त्रीपुरुषांनी मुले जन्माला घालून वाढवण्याचे नाते. नंतर साप्पोरो, टोकियो, फुकुओका, नागोया, ओसाका अशा पाच उच्च न्यायालयांनी बंदी घटनाविरोधी ठरवली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात टोकियोच्याच उच्च न्यायालयाने दुसऱ्या दाव्यात ती घटनेला धरून आहे असे म्हटले. सारे आता सर्वोच्च न्यायालयाच्या दारात आहे.

नोकरीच्या जगाने या बंदीची किंमत लवकर ओळखली. अमेरिकेत समलिंगी लग्नाचा २०१५ चा निकाल लागण्यापूर्वी ३७९ कंपन्यांनी आणि संघटनांनी मिळून न्यायालयाला सांगितले होते की राज्याराज्यांतल्या वेगळ्या कायद्यांनी माणसे नेमणे आणि त्यांची बदली करणे अवघड होते. दारिओ सान्सोने या अर्थतज्ज्ञाने नंतर अभ्यास केला, तेव्हा दिसले की लग्न कायदेशीर झालेल्या राज्यांत समलिंगी जोडप्यांतल्या दोघांनाही नोकरी असण्याचे प्रमाण वाढले, आणि भेदभाव कमी झाल्याची चिन्हे दिसली. जपानमधल्या अमेरिकन व्यापार मंडळाने २०१८ मध्ये हीच मागणी केली: परदेशी तज्ज्ञ यायला कचरतात आणि जपानी तज्ज्ञ बाहेर जातात. मी या बैठकांना बसते. तिथे हा विषय 'प्रतिभावंतांची स्पर्धा' म्हणून मांडला जातो आणि मला तो तसा मांडावा लागतो, कारण खर्च-फायद्याची भाषा तिथे लवकर पोहोचते. पण माझ्या मनात तेव्हा ब्रदरचा भाषावर्ग असतो. तो बुद्धिमान नसता, कमी पगाराचा असता, या देशाला त्याचा काही उपयोग नसता, तरी त्याला त्याच्या माणसाजवळ राहता यायला हवे होते, असे मला वाटते. ते मी बैठकीत म्हणत नाही, म्हणून इथे म्हणते.

आणि आपल्याकडे? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला आणि संसदेकडे बोट दाखवले. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अशा जोडप्यांना निदान नागरी संबंधाची मान्यता मिळावी या मताचे होते, पण ते अल्पमतात राहिले. नंतर शिधापत्रिकेत एक कुटुंब म्हणून धरावे, बँकेत एकत्र खाते उघडू द्यावे, अशा सूचना दिल्लीहून निघाल्या. थोडे थोडे होते आहे. महाराष्ट्रात दर बाईमागे जन्मांचे प्रमाण, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, १.७ वर आले आहे, हे अजून पुष्कळांच्या गावी नाही. पुढे कधीतरी आपल्याकडेही हा घोर सुरू होईल, आणि तेव्हा बोट कुणाकडे दाखवले जाईल याची मला चिंता वाटते. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमलेले तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले होते. बातमी वाचून पुष्कळ लोक हसले. मला त्यात मुलींचे गर्भ पाडल्याचा हिशेब दिसला, आणि शेती करणाऱ्याला मुलगी न देणाऱ्या आईबापांचा, म्हणजे नोकरीचा. लग्न, माणसांची संख्या आणि रोजगार यांची गाठ आपल्या खेड्यांतही इतकी पक्की आहे. ती सोडवायची तर शिवारात पैसा पोहोचवावा लागेल आणि मुली जगवाव्या लागतील. सांगलीच्या त्या मुलाला एखादी पोरगी बघून दिली असती, तर एका मुलीचे आयुष्य वाया गेले असते. अशी लग्ने आपल्याकडे किती झाली असतील आणि त्या बायकांनी ती कशी काढली असतील, याचे मोजमाप कुठल्याही जनगणनेत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भारत आणि जपान यांच्यात ठरले की पाच वर्षांत ५ लाख माणसांची ये-जा व्हावी आणि त्यात ५० हजार कुशल भारतीयांनी जपानला यावे. आमच्या विभागात तेव्हापासून कामाची रीघ आहे. मध्यंतरी एका नाशिकच्या मुलीची मुलाखत झाली. सगळे सुरळीत पार पडल्यावर, तुला काही विचारायचे आहे का, असे मी नेहमीप्रमाणे मराठीत विचारले. तिने मागे वळून दार लावले आणि विचारले, "मॅडम, माझ्याबरोबर माझी मैत्रीण राहू शकेल का? आम्ही दोघी एकत्र आहोत." मी तिला काही लपवले नाही. कंपनीचे घर दोघींच्या नावावर मिळेल, रजा मिळेल, एदोगावात नोंद करता येईल. परवाना मिळणार नाही, मैत्रिणीला स्वतःची नोकरी शोधून यावे लागेल, आणि ती सुटली तर परत जावे लागेल. तिने सगळे लिहून घेतले आणि विचार करायला वेळ मागितला.

समलिंगी विवाहाचा कायदा व्हावा म्हणून इथल्या शेकडो कंपन्यांनी एका निवेदनाखाली आपली नावे दिली आहेत. आमचे नाव त्यात नाही. मी टिपण लिहून वर पाठवले आहे. त्यात सांगलीच्या मुलाचे नाव न घेता त्याची सगळी हकीकत आहे, त्याच्या जाण्याने कोणते काम किती लांबले तेही आहे. दोघा संचालकांनी होकार दिला आहे, तिसऱ्यांना अजून वेळ हवा आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मी ते पुन्हा घातले आहे.